कायदा लागू झाला त्याच दिवशी नवी अट

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने अमेरिकेत नोकरीतला भेदभाव संपला, असं म्हटलं जातं. कायदा झाला हे खरं, पण तो अंगी लागायला कामगारांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात काम मिळे. त्या विभागातला सर्वांत मोठा पगारही इतर विभागांतल्या सर्वांत लहान पगारापेक्षा कमी! कायद्यातला नोकरीविषयक भाग लागू झाला २ जुलै १९६५ला. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी दोन चाचण्या सक्तीच्या केल्या. हायस्कूलची अट आधीपासून होतीच. पण ते पूर्ण न केलेले जुने गोरे कामगार त्याच विभागांत नीट काम करत होते, बढत्याही मिळवत होते.

विली ग्रिग्ज आणि सहकारी, म्हणजे तिथल्या १४ कृष्णवर्णीय कामगारांपैकी १३ जण, कोर्टात गेले. खालच्या कोर्टांत मुख्य मुद्द्यावर हरले. ८ मार्च १९७१ला सुप्रीम कोर्टाने मात्र एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला: अटीमुळे कृष्णवर्णीय मोठ्या प्रमाणात गाळले जात असतील आणि तिचा कामाशी संबंध मालकाला दाखवता येत नसेल, तर ती बेकायदा. हेतू चांगला असला तरीही.

मला हा निकाल मूळ कायद्याइतकाच मोलाचा वाटतो. मालकाच्या मनात काय होतं, हे एका मजुराने कसं सिद्ध करायचं?