थर्टी फर्स्टला गोव्याला चार्टर विमान, कोणी केलंय का?

शेंडेफळ:
आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, ३१ डिसेंबरला पाळोळ्याला सगळे जमणार. दादा सहकुटुंब अमेरिकेहून येतोय, मुंबईहून एकूण ७ जण. त्या दिवसांतली तिकिटं बघून दादा म्हणाला छोटं चार्टरच करू, म्हणजे अख्खं विमानच भाड्याने घेऊ, खर्च मी बघतो. एका एजंटने किंग एअर या छोट्या पंख्याच्या विमानाचा तासाचा रेट दिलाय, म्हणतो तासाभराचं तर उड्डाण, ३० ला जाणं २ ला येणं, झाले दोन तास, पण सगळे पैसे आजच भरा. हिशोब खरंच एवढा सोपा असतो का?

कालिनावाला:
नसतो हो. मी चार्टरच्या ऑपरेशन्सला होतो, डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमची दिवाळी आणि शिमगा एकदमच. तुम्हाला सोडल्यावर विमान गोव्यात उभं करायला जागा तर मिळाली पाहिजे, ती तेव्हा मिळणं मुश्किल, म्हणून ते रिकामं मुंबईला येणार आणि २ ला रिकामंच तुम्हाला आणायला जाणार, म्हणजे चार सेक्टर (एकेरी फेऱ्या) आणि चारही तुमच्या बिलात. वर १८ टक्के जीएसटी. विमानाचा बेस, म्हणजे एरवी उभं राहायचं ठिकाण, कुठे तेही विचारा, दिल्लीचं असेल तर तिथून येण्याजाण्याचे तासही तुमचेच, शिवाय सकाळी तिकडे धुकं पडलं की विमान दिल्लीत आणि तुम्ही मुंबईत कालिन्याच्या छोट्या विमानांच्या टर्मिनलवर चहा पीत. आणि मुंबईत गर्दीच्या तासांना छोट्या विमानांना स्लॉट (उडण्या-उतरण्याची वेळ) देत नाहीत, त्यामुळे मनात येईल तेव्हा उडू हे विसरा.

सुशेगाद:
गोव्यात विमानतळ दोन, पाळोळे असेल तर दाबोळीच बघ रे. मोपा पार वर पेडण्यात, तिथून काणकोण, म्हणजे तुझं पाळोळे, गाठायचं तर अख्खा गोवा ओलांडायचा, तोही थर्टी फर्स्टच्या ट्रॅफिकमध्ये. फक्त दाबोळी नौदलाचं आहे, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी काही तास त्यांचं ट्रेनिंग चालतं, दुपारनंतरचं बघ.

फुकटसल्ला:
एवढ्या पैशात मडगाव वंदे भारतचा डबा बुक होईल, पहाटे सीएसएमटीला बसा, जेवायला गोव्यात 😀

शेंडेफळ:
ते सुचवून झालं, वेटिंग आहे. दादाच्या मोठ्या बॅगा मावतील का?

कालिनावाला:
नाही. किंग एअर सी९० असेल तर सात माणसंच धड मावायची नाहीत, बी२०० मध्ये बसाल, पण २३ किलोच्या कडक बॅगा मागच्या कोपऱ्यात जात नाहीत, मऊ डफल घ्या आणि मोठ्या बॅगा आदल्या दिवशी गाडीने पाठवा. टॉयलेट म्हणजे मागे आडोसा केलेली एक सीट, आईंना आधीच सांगून ठेवा.
आता महत्त्वाचं. पैसे द्यायच्या आधी व्हीटीने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर घ्या आणि ते विमान डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामक) नॉन-शेड्यूल्ड परमिटवर, म्हणजे भाड्याने उडवायच्या परवान्यावर, आहे का बघा, परमिटवाल्यांची यादी सरकारी साइटवर असते. कुणा शेठचं खासगी विमान भाड्याने फिरवणं बेकायदा आहे, काही झालं की इन्शुरन्सवाले हात वर करतात. रिकाम्या फेऱ्या, पार्किंग, क्रूचा मुक्काम, कॅन्सलेशन सगळं धरून लेखी कोटेशन घ्या.

शेंडेफळ:
नंबर विचारला तर म्हणतो कुठलं विमान ते आदल्या दिवशी कळेल! सोडला त्याला, दुसरीकडे विचारतोय. दादाला चार सेक्टरचं सांगितलं, तो म्हणे चालेल पण बाबांना आकडा सांगू नकोस, ते एसटीने निघतील.