मदत हवी आहे: मारेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) खेड्यातून पहाटेच्या विमानासाठी नागपूरला गाडी कशी ठरवावी?

धागाकर्ता (कपाशीवाला)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी आई आणि आत्या नागपूरहून बंगळुरूला निघणार आहेत. बहिणीला सातवा महिना आहे. डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास करू नको म्हणून बजावलंय, त्यामुळे बाळंतपणाला ती माहेरी येऊ शकत नाही. मग आईनेच ठरवलं की आपण जायचं, आणि आत्या सोबतीला तयार झाली. दोघीही पहिल्यांदाच विमानात बसणार. आईचे गुडघे दुखतात, आत्याला रात्रीचं कमी दिसतं. कापूस वेचणीला आलाय, मजूर मिळेनात, म्हणून मला बंगळुरूपर्यंत जाता येत नाही. विमानतळाच्या दारापर्यंत मात्र मी सोबत जाणार.

विमान सकाळी ६ वाजून १० मिनिटांचं. आमचं गाव मारेगाव-करंजी रस्त्यापासून ८ किलोमीटर आत. नागपूरचं विमानतळ दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

आता अडचण सांगतो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर हीच बहीण आणि जावई परत निघाले होते. गाडी आठ दिवस आधी सांगून ठेवली होती. तोंडी बोलणं, ॲडव्हान्स काही नाही, 'दादा, तुम्ही निश्चिंत रहा, रात्री १ वाजता दारात गाडी उभी' असा शब्द. रात्री १२ला फोन लावला तर बंद. १ वाजला, दीड वाजला. गावातल्या एकाला झोपेतून उठवून त्याची घरची बोलेरो काढायला लावली. तो बिचारा आला, पण डिझेल भरायचं होतं, पुढे हिंगणघाटच्या अलीकडे टायर बसला. विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन पंधरा मिनिटं झाली होती. दोघांची नवी तिकिटं त्या दिवसाच्या भावाने काढावी लागली. पैसे गेले ते गेले, पण बहीण तिथल्या बाकावर बसून रडली, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. यावेळी तर दोन म्हाताऱ्या बायका आहेत आणि पलीकडे पोटुशी बहीण वाट पाहते आहे.

मोठ्या शहरात ॲपवर बोट दाबलं की गाडी येते. आमच्या गावाचं नाव टाकलं की 'सेवा उपलब्ध नाही' येतं, कधी गाडी दिसली तरी ती नागपूरहून रिकामी यायला तयार नसते. म्हणजे वणी, मारेगाव, पांढरकवडा इथलाच कुणी गाडीवाला पाहायचा. आतापर्यंत तिघांना विचारलं. एकाने डिझायरचे ३८०० सांगितले, एकाने इर्टिगाचे ५२००, तिसरा म्हणाला 'बघू, तेव्हाचं तेव्हा'. 

मला भाडं पाडून नकोय. गाडी वेळेवर आली पाहिजे, एवढंच हवंय. त्यासाठी काय काय आधी पक्कं करून घ्यावं? वरोऱ्याकडून जावं की करंजीवरून हायवेने? किती वाजता निघावं? ज्यांनी आपल्या भागातून असं केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

पिवळी_पाटी_वणी

भाऊ, मी स्वतः गाडी चालवतो, १४ वर्षं झाली. तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण असं का होतं ते मला आतून माहीत आहे.

तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई लागते. गाडीवाल्याला संध्याकाळी वरातीचं भाडं मिळालं की तो घेतो, कारण त्यात दोन दिवसांचा धंदा असतो. वाटतं की १२ पर्यंत मोकळा होईन आणि तुमच्याकडे येईन. वरात लांबते. मग एकतर फोन बंद करतो, नाहीतर दिवसभर स्टेअरिंगवर बसलेला माणूस तसाच तुमच्या दारात येतो. दुसरं जास्त धोक्याचं. रात्री २ ते ४ या वेळात डुलकी लागते, आणि त्याच वेळात तुम्ही जांब-बुटीबोरीच्या सरळ रस्त्यावर असता.

म्हणून भाड्याच्या आधी हे विचारा: 'आदल्या दिवशी तुमची गाडी कुठे आहे?' शक्य असेल तर ड्रायव्हरला संध्याकाळी ७ लाच गाडीसकट घरी बोलवा. जेवू घाला, ओसरीत खाट टाकून द्या, त्याला ४-५ तास झोपू द्या. त्याचे मुक्कामाचे ४००-५०० वेगळे द्या. गाडी अंगणात उभी असली की फोन बंद होण्याचा प्रश्नच उरत नाही. माझी जी जुनी गिऱ्हाइकं आहेत ती असंच करतात, आणि मलाही ते बरं पडतं, कारण रात्री आडरस्त्याने एकट्याने तुमचं घर शोधत यावं लागत नाही.

भाड्याचं म्हणाल तर ३८०० काही जास्त नाही. नागपूरला सोडून आम्ही रिकामेच परततो, म्हणून किलोमीटर दोन्हीकडचे लागतात, म्हणजे तीनशेच्या वर. परतीचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल तर कुणी कमी घेतो, पण मग त्याचा जीव तिकडच्या वेळेत अडकलेला असतो. पहाटेच्या विमानासाठी असा सौदा करू नका. टोल भाड्यात धरला की वेगळा, हे आधी बोलून घ्या. करंजीवरून गेलात तर दारोडा आणि बोरखेडी असे दोन नाके लागतात. फास्टॅगमध्ये २४ तासांच्या आत परत आलं की जाऊन-येऊन मिळून दीडपट कापतात, दुप्पट नाही. कुणी दुप्पट टोल सांगितला तर हे लक्षात असू द्या.

धागाकर्ता (कपाशीवाला)

दादा, खूप आभार. घरी बोलावून झोपवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, 'त्याच्यासाठी झुणका-भाकर करते, जागा पण आहे.' रस्त्याचं सांगाल का?

पिवळी_पाटी_वणी

रस्ता करंजीचाच धरा. तिथून वडकी, वडनेर, हिंगणघाट, जांब, बुटीबोरी, सरळ ४४ नंबरचा हायवे. वणी-वरोरा बाजूने रात्री कोळशाचे ट्रक असतात, त्यांच्यामागे अडकलात की ओव्हरटेकला जागा मिळत नाही. (पावसाळ्यात कधी जायची वेळ आली तर पाटाळ्याच्या पुलाची आधी चौकशी करा. वर्धेला पूर आला की तो रस्ता बंद पडतो.)

तुमचा खरा धोक्याचा तुकडा आहे गाव ते करंजी. आता कापसाचे दिवस. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जिनिंगला लागलेले, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्यात रोही (नीलगाई) आणि डुकरं. या तुकड्यात ड्रायव्हरला चाळीसच्या वर जाऊ देऊ नका, तो कितीही म्हणाला तरी. हायवेवर वेळ भरून निघतो.

राळेगावचा_पोट्टा

भाऊ, माया दोस्ताची इर्टिगा हाये, ३००० मध्ये नेऊन देते. पांढरी पाटी हाये, पण गाडी एकदम नवी, सहा महिन्याची. पाहून घ्या.

काळी_माती_झरी

राळेगावच्या भावा, तुझ्या मित्राची गाडी चांगलीच असेल, पण धागाकर्त्याने हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. ती भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही, परवाना लागतो. अपघात झाला आणि गाडी भाड्यावर होती हे निघालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आमच्या नात्यात असं झालं. माणूस गेला आणि घरच्यांना विम्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. हजार-दोन हजार रुपये वाचवायला ही जोखीम घेऊ नका.

गाडी ठरवताना नंबर मागून घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका. टॅक्सी पासिंग (भाड्याने चालवायची नोंद) आहे का, फिटनेस आणि विम्याची मुदत कधीपर्यंत आहे, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर द्यायला जो कचरतो त्याला तिथेच राम राम करा.

निवृत्त_वाहक

मी ३१ वर्षं एसटीत काढली, म्हणून माझा सल्ला वेगळा. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने नागपूरला या. मार्च २०२३पासून महिलांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे, दोघींचं मिळून एकीच्या भाड्यात होईल. गणेशपेठ बसस्थानकाजवळ लॉज आहेत. रात्री झोपा, पहाटे साडेतीनला शहरातली टॅक्सी घ्या, विमानतळ सोनेगावला म्हणजे जवळच. मेट्रोच्या भरवशावर मात्र राहू नका, ती पहाटे इतक्या लवकर सुरू होत नाही. रात्रीचा दीडशे किलोमीटरचा प्रवास पूर्ण वाचतो.

धागाकर्ता (कपाशीवाला)

काका, तुमचा मार्ग सुरक्षित आहे हे पटतं. घरी बोललो. आईला एसटीची पायरी चढवत नाही, मागच्या वेळी दोन माणसांनी उचलून घेतलं होतं. आणि दोघींचं सामान बरंच आहे: डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी, खोबरं, तूप. गाडी दारातून दारापर्यंत हवी असं तिचं म्हणणं पडलं.

हिंगणघाटची_लेक

दादा, खोबऱ्याचं वाचलं म्हणून थांबले. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, हातातल्या पिशवीतही नाही आणि आत जमा करायच्या बॅगेतही नाही. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं म्हणून. माझ्या सासूबाईंच्या बॅगेतून काढून ठेवायला लावलं होतं, त्यांना फार वाईट वाटलं. लाडवात किसून घातलंय ते ठीक. वाट्या ठेवूच नका, बंगळुरूत मिळतात. तूप आणि लोणचं हातातल्या पिशवीत नको, नीट बांधून मोठ्या बॅगेत. आणि वजन घरीच काट्यावर करून घ्या. बऱ्याच तिकिटांत मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो एवढंच धरलेलं असतं. लाडवांचे डबे फार जड होतात.

दुसरं, आईंसाठी विमान कंपनीला आजच फोन करून चाकाची खुर्ची मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. निदान दोन दिवस आधी कळवलेलं बरं. तुम्हाला तिकीट नसल्यामुळे दाराच्या आत जाता येणार नाही, तिथून पुढे खुर्ची ढकलणारा माणूसच दोघींना काउंटर, तपासणी आणि गेटपर्यंत नेईल. आत्यांना रात्रीचं कमी दिसतं म्हणता, त्यांचीही काळजी मिटेल. आधार कार्ड अस्सल हवं, आणि तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळतंय का ते आत्ताच पाहा. आपल्याकडे बायकांच्या कार्डावर कधी माहेरचं नाव असतं, कधी सासरचं.

वेळेचं असं धरा. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे तुमचं ५:१०ला. ४ वाजता दारात पोचायचं. रात्री तीन तास लागतात, त्यावर अर्धा तास टायरचा आणि अर्धा तास आईंच्या पाय मोकळे करण्याचा. म्हणजे १२ वाजता घर सोडा. लवकर पोचलात तर बसायला जागा आहे.

धागाकर्ता (कपाशीवाला)

ताई, आत्याच्या तिकिटावर सासरचं आडनाव आणि कार्डावर माहेरचं निघालं! तुमचं वाचून लगेच पाहिलं. जावयाला फोन केला, तो आज कंपनीशी बोलून दुरुस्त करून घेतोय. हे दारात कळलं असतं तर काय झालं असतं, विचारानेच पोटात गोळा आला.

पिवळी_पाटी_वणी

आणखी दोन गोष्टी राहिल्या. ५०० रुपये ॲडव्हान्स टाका आणि त्याच्यासोबत मेसेज पाठवा: तारीख, किती वाजता मुक्कामी यायचं, किती वाजता निघायचं, एकूण भाडं, टोल कुणाचा, गाडी नंबर. त्याच्याकडून 'हो' असं लिहून घ्या. तारखेत नेहमी घोळ होतो. रात्री १२ म्हणजे कोणत्या दिवसाची रात्र, हे वार सांगून पक्कं करा. माझ्याकडूनच एकदा एक दिवसाची चूक झाली आहे, नशिबाने गिऱ्हाईक एक दिवस आधी निघालं.

आणि गावात नेटवर्क नसेल तर त्याचा, त्याच्या घरचा आणि गाडीमालकाचा असे तीन नंबर कागदावर लिहून ठेवा. स्टेपनीत हवा आहे का, हे तो मुक्कामी आल्यावर उजेडात पाहून घ्या.

धागाकर्ता (कपाशीवाला)

मंडळी, गाडी ठरली. ५२०० वाला इर्टिगावाला घेतला, कारण 'आदल्या दिवशी गाडी कुठे असेल' असं विचारल्यावर फक्त त्यानेच सरळ सांगितलं की त्या दिवशी लग्नाचं भाडं आहे, पण दुपारचं, ५ वाजता मोकळा होईन आणि ७ ला तुमच्याकडे येईन. डिझायरवाला म्हणाला, 'त्याची तुम्ही कशाला काळजी करता?' टोल भाड्यात, मुक्कामाचे ५०० वेगळे. नंबर ॲपवर टाकून पाहिला, टॅक्सी पासिंग आहे, विमा ऑगस्टपर्यंत आहे. ॲडव्हान्स टाकला, वार लिहून मेसेज केला, 'हो' आलं. चाकाची खुर्ची दोघींसाठी सांगितली. खोबऱ्याच्या वाट्या आईने काढून ठेवल्या, थोडी नाराज आहे.

एकच राहिलं. दोघी बंगळुरूहून मार्चमध्ये परत येतील. विमान संध्याकाळी साडेसातला नागपूरला उतरतं. तेव्हा हाच गाडीवाला इथून रिकामा न्यावा, की नागपूरहूनच कुणी आपल्या बाजूला परतणारा पाहावा? उतरणाऱ्यांना घाई नसते, तेव्हा परतीचं भाडं चालेल का? वणीच्या दादांनी सांगितलं तर बरं होईल.

पिवळी_पाटी_वणी

तेव्हा चालेल. रोज वणी-पांढरकवड्याच्या गाड्या नागपूरला माणसं सोडून रिकाम्या येतात. विमान उतरायच्या तीन-चार दिवस आधी इथे लिहा, आमच्या स्टँडवर विचारतो. फक्त उतरून बॅगा घेऊन बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून ८ नंतरची वेळ द्या, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः त्याच गाडीने इथून गेलात तर आईंना बाहेर पडल्याबरोबर ओळखीचं माणूस दिसेल.