स्टार-तक्ता का थंडावतो

स्टार-तक्ता (काम केलं की मुलाला स्टार, स्टारवर बक्षीस) दोन आठवडे चालला, मग मुलाने त्याकडे पाहणंच सोडलं, म्हणून एडीएचडीत (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) पालक-प्रशिक्षणाचा, म्हणजे पालकांना अशा पद्धती शिकवण्याचा, उपयोग नाही, असं एका पालकाचं म्हणणं वाचलं. तक्ता थंडावतो हे खरं, पण निष्कर्ष पटला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची 2019ची मार्गदर्शक तत्त्वं चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी औषधाआधी हेच प्रशिक्षण सुचवतात. एडीएचडी असलेल्या मुलांना रविवारचं बक्षीस फार लांबचं वाटतं. स्टार काम झाल्याझाल्या द्या, तो त्याच संध्याकाळी वटवता यावा, आणि आठ-दहा दिवसांनी बक्षिसं बदला. एका वेळी दोन-तीनच कामं घ्या. "नीट वाग" नको, "डबा सिंकमध्ये ठेव" हवं. मिळवलेला स्टार शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, तिथेच मुलाचा तक्त्यावरचा विश्वास उडतो.

आणखी एक. हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलं की पहिले काही दिवस हट्ट वाढतो. (मारणं, वस्तू फेकणं याला हा उपाय नाही, तिथे लगेच थांबवायचं.) पालकांचा धीर नेमका याच दिवसांत सुटतो, आपल्यालाच जमत नाही असं वाटतं. खरं तर ती वाढ अपेक्षितच असते. पण दहाव्या मिनिटाला मोबाइल हातात दिला, की दहा मिनिटं रडावं लागतं एवढंच मूल शिकतं. म्हणून सुरू करण्याआधी आजी-आजोबांनाही विश्वासात घ्या.