बीटल १६०० : घाट चढल्यावर ऑइलचा दिवा मिचमिचतो, ३ नंबरचा टॅपेट टाइट

घाटमाथा६८

गाडी १९६८ ची बीटल, पण इंजिन मूळचं नाही. नंतर कधीतरी १६०० ड्युअल पोर्ट (प्रत्येक हेडला दोन इनलेट तोंडं) बसवलंय. कार्बोरेटर ३४ पिक्ट-३, डिस्ट्रिब्युटर ००९. पंख्याचं घर मात्र १९६८ चंच ठेवलंय, ऑइल कूलर त्याच्या आत.

कसारा घाट चढून वर आलं की आयडलिंगला ऑइलचा दिवा मिचमिचतो, गरम ऑइलचा वास येतो. रेस दिली की दिवा विझतो. शिवाय आयडलवरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर गुदमरते. गेल्या वेळी गॅरेजमध्ये इंजिन गरम असतानाच टॅपेट (वॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) सेट केले होते. थंड इंजिनवर मोजलं तेव्हा ३ नंबरचा एक्झॉस्ट ०.०५ मिमी निघाला, बाकी सगळे ०.१० ते ०.१५.

ऑइल कोणतं घालू? टॅपेट घरी करता येतील का? आणि ३ नंबरच का?

रॉकरशाफ्ट

टॅपेट घरीच करा. अट एकच, इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. ०.१५ मिमी हे माप थंड इंजिनचं आहे, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना तेवढंच. गरम इंजिनवर घेतलेलं माप फसवं.

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. पुलीच्या नटाला ३० नंबरचा पाना. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. रोटर बॉडीच्या काठावरच्या खाचेसमोर आला आणि पुलीची खूण क्रँककेसच्या जोडावर आली की १ नंबर कॉम्प्रेशनला वर असतो. त्याचे दोन्ही वॉल्व्ह सेट करा. मग पुली उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, बरोबर अर्धा फेरा फिरवा : २ नंबर. आणखी अर्धा : ३. आणखी अर्धा : ४. फायरिंग ऑर्डर १-४-३-२ असल्यामुळे उलटं फिरवलं की सिलिंडर सरळ क्रमाने येतात. १ आणि २ उजव्या हाताला, ३ आणि ४ डाव्या. १ आणि ३ पुढचे, म्हणजे गाडीच्या तोंडाकडचे. प्रत्येक हेडमध्ये कडेचे दोन एक्झॉस्ट, मधले दोन इनलेट.

लॉकनटला १३ चा पाना, स्क्रूला पेचकस. ०.१५ चं पातं किंचित घासत सरकलं पाहिजे, ०.२० चं जाताच कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. स्क्रूच्या टोकाला खड्डा पडला असेल तर पातं खड्ड्यावरून पुलासारखं जातं आणि खरी फट जास्त असूनही ०.१५ वाटते. असे स्क्रू बदला, महाग नसतात.

वॉल्व्ह कव्हरची तार पेचकसाने खाली दाबून काढायची, खाली रद्दी पसरून ठेवा. कॉर्कच्या पॅकिंगला चिकटवायचंच असेल तर फक्त कव्हरकडच्या बाजूला. हेडकडची बाजू कोरडी ठेवा.

पत्रेवाला

३ नंबरच का, याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. जुन्या घरात ऑइल कूलर डाव्या बाजूला, ३ नंबरच्या बरोब्बर वर उभा असतो. पंख्याची हवा आधी कूलरमधून गाळून येते, म्हणजे ३ ला कमी मिळते आणि तीही तापलेली. फोक्सवॅगनने १९७१ च्या मॉडेलपासून कूलर घराच्या मागे वेगळ्या खोक्यात नेला, पंखाही रुंद केला. लोक त्याला डॉगहाउस म्हणतात. १६०० ड्युअल पोर्टला तेच हवं. पण नुसतं घर घेऊन भागत नाही : रुंद पंखा, त्याचा कूलर, मधला अ‍ॅडॉप्टर आणि कूलरची गरम हवा इंजिनरूमबाहेर खाली नेणारे पत्रे, हा सगळा संच लागतो. शेवटचे पत्रे विसरलात तर कूलरची गरम हवा पंखाच परत ओढतो.

तूर्त जुनं घर ठेवणार असाल तर ते उतरवून आत बघा. गाडी उभी असली की उंदीर सिलिंडरच्या फिन्सवर (थंड करणाऱ्या पात्यांवर) घरटं करतात, बाहेरून काहीही दिसत नाही. कूलरच्या जाळीत ऑइल आणि धूळ बसून पेंड झाली असेल तर रॉकेलने धुवा. सिलिंडरच्या खालचे दोन वळवलेले पत्रे आहेत का पाहा. इंजिन बांधताना हे सर्रास टाकून देतात, आणि मग हवा सिलिंडरच्या खालच्या बाजूला न वळता सरळ निघून जाते. इंजिनभोवतीचं रबर आणि प्लगवायरची रबरं शाबूत हवीत. हीटर काढून टाकलेला असेल तर घराची दोन्ही तोंडं बंद करा.

कूलर काढलाच तर सील नीट बघून घ्या. नंतरच्या क्रँककेसची भोकं १० मिमी, जुन्या कूलरची ८. तिथे ८/१० चे पायरीचे सीलच लागतात, साधे लावले तर गळणार.

पट्टा अंगठ्याने दाबला की साधारण १५ मिमी दबावा. आवळायचा असेल तर डायनामोच्या पुलीच्या दोन भागांमधला एक वायसर काढून बाहेर नटाखाली ठेवायचा, हरवत नाही. चालताना डायनामोचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद. पंखा त्याच पट्ट्यावर आहे.

पॉइंट-फोर

तुमच्या गुदमरण्याचं कारण ००९. त्याला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीनुसार ठिणगी लवकर पाडणारी सोय) नसतो आणि ३४ पिक्ट-३ त्याच्यावर विसंबून असतो. कार्बोरेटरच्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी वाढवून थोडा फरक पडेल, खरा इलाज व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर.

तोवर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तरी तपासा. आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मिमी करा, कारण फट हलली की टायमिंग हलतं. ००९ ला आयडलच्या खुणेपेक्षा पूर्ण अ‍ॅडव्हान्स महत्त्वाचा : ३००० च्या वर आरपीएमला २८ ते ३२ अंश, त्यापुढे नाही. अंशांची पुली नसेल तर सुतळीने पुलीचा परिघ मोजा, १२ ने भागा. तेवढं अंतर टॉपच्या (१ नंबरचा पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या) खुणेपासून उजवीकडे मोजून पांढरी रेघ मारा, ती ३० अंश. पुलीवरची कारखान्याची खाच टॉपचीच असेल असं धरू नका. मॉडेलनुसार ती बदलते. टॅपेटला चार-पाच अंश इकडेतिकडे चालतात, टायमिंगला नाही.

शिवाय ई-२० पेट्रोलने मिश्रण पातळ होतं आणि घाटात हेड तापतं. ३४ पिक्ट-३ चा मेन जेट मुळात १२७.५ असतो, १३० किंवा १३५ लावून प्लगचा रंग बघा. पेट्रोलचे जुने कापडी पाइपही बदला, जे-३० आर-९ छापलेले घ्या. कार्बोरेटरची पितळी नळी हाताने हलत असेल तर गाडी चालवू नका. ती निसटली की पेट्रोल गरम इंजिनवर. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, पेटली तर पाण्याने विझत नाही.

रॉकरशाफ्ट

ऑइलचं राहिलं. २०डब्ल्यू-५० मिनरल, अडीच लिटर. ५००० किमीला बदला. यात फिल्टर नाही, फक्त जाळी आहे, ती दर वेळी धुवा, दोन्ही पॅकिंग आणि तांब्याचे वायसर नवे लावा. सहा छोटे नट ७ न्यूटन-मीटरलाच. तिथे जोर केला की स्टड आट्यांसकट बाहेर येतो.

दिव्याचं म्हणाल तर डिस्ट्रिब्युटरशेजारचा स्विच काढून तिथे ऑइल प्रेशरचं गेज लावा, आटे एम१० × १, टेपरचे. ऑइल ७० अंशांना असताना २५०० आरपीएमला २८ पीएसआय मिळाले तर आयडलचं मिचमिचणं गरम, पातळ ऑइलचं. त्याहून कमी असेल तर आधी रिलीफ वॉल्व्हचा (जास्तीचं प्रेशर सोडणारा) पिस्टन अडकलाय का पाहा, मग ऑइल पंप.

घाटमाथा६८

घर उतरवलं. घरटं नाही, पण डाव्या बाजूचा खालचा पत्रा गायब. कूलर अर्धा चोंदलेला. टॅपेट सगळे ०.१५ ला केले. ३ चा वॉल्व्ह आताच बदलावा का?

रॉकरशाफ्ट

लगेच नको. गेलं सेटिंग गरम इंजिनवर झालं होतं, त्यामुळे ०.०५ हे वॉल्व्ह ताणल्यामुळे की सेटिंगमुळे, सांगता येत नाही. पत्रा लावा, कूलर धुवा, आजचं माप आणि किलोमीटर लिहून ठेवा. ५०० किमीला थंड इंजिनवर पुन्हा मोजा. ३ चा एक्झॉस्ट ०.१५ वर टिकला तर पुढे ५००० ला. पुन्हा ०.१० च्या खाली आला तर वॉल्व्हची मान लांबतेय किंवा सीट खचतेय. मग फट वाढवून गाडी चालवत राहू नका. मान तुटली की वॉल्व्ह पिस्टनवर पडतो आणि हेड, पिस्टन दोन्ही जातात. त्या वेळी हेड उतरवून दोन्ही एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि गाइड एकदमच बदला.

पत्रेवाला

पत्रा घेताना ड्युअल पोर्टसाठीचा म्हणून सांगा आणि उजवीकडचाही काढून बघा. एका बाजूचा टाकून देणारा दुसऱ्या बाजूचा उलटा बसवतो.