मदत हवी आहे: गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बायकांशी कसं बोलावं?

नमस्कार. आमच्या बचत गटात पुढच्या महिन्यात या कॅन्सरवर आणि तो ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीच्या लसीवर बोलायचं ठरलंय. बोलणार मी, आणि तिथेच अडलंय.

मागच्या बैठकीत विषय काढला तर एक काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं अंगावरून जातंय गं, सांगू कुणाला?" दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माहिती आहे माझ्याकडे. यातले सुमारे ७० टक्के कॅन्सर विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. लस ९ ते १४ वयात सगळ्यात उपयोगी, आणि पुण्याच्या सीरमची 'सर्व्हावॅक' तर आपलीच. तिशीनंतर त्रास नसला तरी तपासणी हवी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ साली छापून आलंय. हे तर मी सांगणारच!

अडतं ते आयांच्या प्रश्नावर: "लग्नाआधी पोरीला ही लस कशाला?" विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे मला लपवायचं नाही. पण तेवढं ऐकूनच बायका उठून गेल्या तर?

आशाताई, नर्सताई, शिक्षिका, तुम्ही सुरुवात कुठून करता? साध्या मराठीतली चित्रं किंवा तक्ते असतील तर कृपया पाठवा. आणि सासूबाईंना सोबत बसवावं का?