आफ्रिकन सफारी: शाळेच्या सुट्टीत नेमकं कुठे जावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन आफ्रिकेतलं जंगल बघायचं पक्कं केलंय. आम्ही पाच जण: आई-बाबा (दोघंही सत्तरीचे), नवरा, मी आणि सातवीतला मुलगा. बाबांनी ताडोबा, नागझिरा, मेळघाट पालथं घातलंय. सिंह मोकळ्यावर बघायची त्यांची फार जुनी इच्छा आहे, आणि गुडघे साथ देताहेत तोवर ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

अडचण महिन्यांची आहे. शाळा राज्य मंडळाची, म्हणजे मे ते जूनचा मध्य, नाहीतर दिवाळी. ताडोब्यात आपण मे महिन्याच्या उन्हात जातो, कारण पाणी आटलेलं असतं आणि जनावर पाणवठ्यावर येतं. हाच हिशेब केनिया-टांझानियाला लावला तर सगळं उलटं निघालं. तिथे मार्च ते मे मोठा पाऊस आणि नोव्हेंबर-डिसेंबरला छोटा. आपल्या दोन्ही सुट्ट्या बरोब्बर पावसाच्या तोंडी! विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा इथे शाळा भरात. शिवाय केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना जूनपर्यंत दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २००.

एक सहल कंपनी म्हणते, मे महिन्यात गर्दी नसते, स्वस्त पडतं, बिनधास्त या. वयस्कर माणसांना घेऊन हे खरंच जमेल का? की देशच बदलावा? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद (नैरोबीहून)

ताई, मे महिना टाळा. हिरवळ सुंदर असते, आणि नुसते फोटो काढायला येणाऱ्याला मी नको म्हणणार नाही. पण गवत उंच असतं, सिंह दहा हातांवर बसलेला असला तरी दिसत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानाच्या पश्चिम भागात आपल्या विदर्भासारखी काळी माती आहे. पावसात गाडी रुतली की दुसरी गाडी येऊन ओढेपर्यंत बसून राहायचं. आई-बाबांना ते नको.

मुलाची आठवडाभर शाळा बुडवायची तयारी असेल तर फेब्रुवारीत या. दक्षिण सेरेंगेटी आणि न्दुतूच्या माळावर तेव्हा विल्डबीस्ट वितात, दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं. जुन्या ज्वालामुखींच्या राखेमुळे तिथल्या आखूड गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, म्हणून दूध देणाऱ्या माद्या तिथेच जमतात. त्यांच्यामागे चित्ते आणि तरस. नदी ओलांडण्याचं दृश्य बघायला तासन् तास ताटकळावं लागतं, तरी कळप उतरेल याची खात्री नाही. न्दुतूला दिवसभर काही ना काही घडत असतं. माझ्या मते बाबांना तेच जास्त आवडेल.

मात्र इथून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीपुढच्या माणसांना या लसीचा गंभीर त्रास होण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे सहल कंपन्या शेवटी सांगतात.

प्रतिसाद (जोहान्सबर्गहून)

वरच्या लसीच्या मुद्द्यामुळेच लिहितो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात या, मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा. इथे पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च पडतो. मेपासून थंडी आणि कोरडं हवामान. झाडोरा विरळ होत जातो, जनावर पाण्यावर येऊ लागतं. तुमचा ताडोब्याचा हिशेब इथे लागू पडतो, फक्त उन्हाऐवजी थंडीत. मलेरियाचा धोकाही या दिवसांत कमी, पण गोळ्यांचं डॉक्टरांना विचाराच. इथल्या शाळांची मोठी सुट्टी जूनअखेरीस लागते, त्याआधी गर्दी कमी असते.

दुबई किंवा दोहामार्गे तिकीट काढा. नैरोबी, आदिस अबाबामार्गे आलात तर लसीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

उद्यानात डांबरी रस्ते आहेत, आपली गाडी घेऊन फिरता येतं, स्टिअरिंगही आपल्यासारखं उजवीकडे. आतल्या सरकारी कॅम्पांत स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात, आईंना वरण-भात करता येईल. सातारा नावाचा एक कॅम्प आहे, खरंच! भोवती माळरान, सिंहांसाठी नावाजलेलं. दोन मुक्काम तिथे आणि दोन नदीकाठच्या लोअर साबीला करा. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, त्याच आठवड्यात करा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार. लसीचं हे माहीतच नव्हतं. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे क्रुगरच ठरवतेय. साताऱ्याचं नाव ऐकून आई आत्ताच तयार झाली, तिचं माहेर कोरेगावचं. आता एकच विचारते: पहाटेची उघड्या गाडीतली सफारी आई-बाबांना झेपेल का?

प्रतिसाद (जोहान्सबर्गहून)

जूनमध्ये पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि गाडी चालू असताना वारा बोचतो. कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट घेऊन एखादा दिवस जरूर जा, गाडीत पांघरायला ब्लँकेटही घ्या. बाकी दिवस न्याहारी करून आपल्या बंद गाडीतून निघा. मे ते जुलै कॅम्पचं फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होतं आणि डांबरी रस्त्यावर वेग ताशी ५० किलोमीटर, तेव्हा परतीचा वेळ हातात ठेवूनच लांब जा.