शून्य परिकल्पना 'सिद्ध' होते का?

बोरू: संख्याशास्त्राच्या पाठात 'शून्य परिकल्पना (null hypothesis, म्हणजे 'फरक नाही' हे तपासायला घेतलेलं विधान) फेटाळता आली नाही' असं भाषांतर केलं होतं. तपासणीत ते 'शून्य गृहीतक सिद्ध झाले' असं होऊन आलं. कोणतं बरोबर?

चिमटा: 'सिद्ध झाले' साफ चूक. संख्याशास्त्रज्ञ फिशरचा (१९३५) चहाचा प्रयोग घ्या. एका बाईंचा दावा: कपात आधी दूध ओतलं की चहा, हे चवीवरून कळतं. ८ कप, ४ मध्ये आधी दूध, ४ मध्ये आधी चहा. बाईंनी दूधवाले ४ ओळखायचे. शून्य परिकल्पना: बाईंना फरक कळत नाही. ८ मधून ४ निवडायचे प्रकार ७०. चारही बरोबर आले तर नशिबाचा वाटा ७० त १, म्हणजे १.४ टक्के. ५ टक्क्यांच्या रूढ मर्यादेच्या आत, म्हणून फेटाळा. तीनच बरोबर आले तर? निदान तीन बरोबर येण्याचे प्रकार १७, म्हणजे २४ टक्के. फेटाळता येत नाही. पण म्हणून बाईंना चव कळत नाही हे ठरलं का? ८ कपांच्या प्रयोगाला एक चूकही पोटात घालता येत नाही, एवढंच. १२ कप (६-६) ठेवा. सहांपैकी पाच ओळखले तरी ९२४ त ३७, म्हणजे ४ टक्के. जीभ तीच, निष्कर्ष उलटा.

उंबरठा: 'गृहीतक'ही नको. गृहीत धरलेलं आपण तपासत नाही. इथे गृहीत काय? कपांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि सगळे सारखेच गरम आहेत. दूधवाले चार कोमट निघाले तर बाई बोटांनीच ओळखतील. परिकल्पना रीतसर फेटाळली जाईल, निष्कर्ष मात्र चुकेल.

ताकपीठ: 'परिकल्पना' हिंदी वळणाची. न्यायदर्शनातला 'अभ्युपगम' घ्या की! वादापुरतं मान्य करायचं, मग पुढची परीक्षा.

बोरू: अकरावीच्या मुलांना अभ्युपगम? भूमितीतले 'पक्ष' आणि 'साध्य' तरी ओळखीचे आहेत.

उंबरठा: पक्ष म्हणजे दिलेलं. त्यावर कोण शंका घेतो?

चिमटा: हिंदी वळण खुपत असेल तर आधी 'अनुमान' वाचवा. प्रयोगवहीत कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम. निळा लिटमस तांबडा झाला हे निरीक्षण, द्रावण आम्लधर्मी हे अनुमान. आणि बातम्यांत? 'पावसाचे अनुमान'. अहो, तो अंदाज!

ताकपीठ: मग अनुमान आणि निष्कर्ष एकच का?

उंबरठा: छे. एका परीक्षानळीचं ते अनुमान. निष्कर्ष सगळ्या अनुमानांतून ओढून काढायचा. 'कृष्' म्हणजे ओढणेच.

बोरू: आणि माझं 'फेटाळता आली नाही'?

ताकपीठ: फेटाळतात ते अर्ज. 'नाकारता' लिहा.